कात्री येणार म्हणून कोयता बोथट करू नये



आपल्या या पत्रिकेत उसाचा दर, पाळीपत्रक, तोडणी-वाहतूक, ठिबक आणि खोडव्याची निगा हेच विषय बहुतेक वेळा येतात, आणि ते येणे रास्तच आहे. या अंकात मात्र आम्ही जरा वेगळा विषय सभासदांपुढे मांडीत आहोत. औषधांना दाद न देणारे जंतू, आणि त्या जंतूंवर शास्त्रज्ञ तयार करीत असलेली जनुकांची कात्री, हा तो विषय होय. “हे काम डॉक्टरांचं, साखर कारखान्याच्या पत्रिकेत ते कशाला?” असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर असे की, उसाच्या प्रत्येक फडामागे एक गोठा आहे आणि गोठ्यामागे एक घर आहे. गाईची कास सुजली की सडात ट्यूब सोडली जाते, पोराला ताप आला की मेडिकलमधून पट्टी आणली जाते. ही औषधे उद्या लागू पडेनाशी झाली तर नुकसान टनेज घटण्याइतके साधे राहणार नाही. ते जिवावर बेतेल.

आमचे म्हणणे काय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत अंदाज बांधीत बसायला नको. जनुकांची ही कात्री खरी आहे, कामाची आहे, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण ती अजून प्रयोगात आहे. ती येणार या भरवशावर हातातल्या औषधांची उधळपट्टी चालू ठेवणे म्हणजे तोडणी यंत्र येणार आहे म्हणून आजचा कोयता दगडावर मारून बोथट करण्यासारखे आहे. यंत्र बांधावर येऊन उभे राहीपर्यंत फड तोडायचा कशाने?

जंतू शिरजोर कसे झाले?

“त्याच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली, आता लागू पडत नाहीत,” असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे बरोबर नाही. सवय माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाला होत नाही. बदलतात ते जंतू. कोट्यवधी जंतूंमध्ये दोन-चार असे निघतात की ज्यांच्यात त्या औषधाला तोंड देण्याची शक्ती असते. औषधाने बाकीचे मरतात, हे दोन-चार मागे राहतात आणि मोकळ्या रानात वाढतात. पुढच्या खेपेला तेच औषध दिले तर ते कोणाला मारणार?

कापूस लावणाऱ्या पाहुण्यांकडून आपण हीच गोष्ट ऐकलेली आहे. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे बोंडअळी हटली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट दिले जाई. ते बांधाकडेने लावावे, म्हणजे साधी अळीही शिल्लक राहते आणि शिरजोर अळी एकटी वाढत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. पुष्कळांनी ते पाकीट लावलेच नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात कापसाची काय दशा केली ते सर्वांना ठाऊक आहे. हत्यार चांगले होते, पण वापर बेहिशेबी झाला.

जंतूंच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. औषधाला तोंड देण्याची शक्ती ज्या जनुकात असते, ते जनुक पुष्कळदा जंतूच्या पोटातल्या एका लहानशा वेगळ्या कड्यावर असते. प्लाझ्मिड असे त्या कड्याचे नाव. हे कडे एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि तेही दुसऱ्या जातीच्या जंतूला. एका गावाने दुसऱ्या गावाला उसाचे बेणे द्यावे आणि बेण्याबरोबर काणीही जावी, तसलाच हा प्रकार. गोठ्यातल्या शेणामधला जंतू माणसाच्या आतड्यातल्या जंतूला हे बेणे देऊ शकतो. म्हणून “गुरांचं औषध वेगळं, माणसांचं वेगळं” असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

याचे गाजलेले उदाहरण आपल्याच देशाच्या राजधानीच्या नावाचे आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली एक जंतू सापडला. डॉक्टर मंडळी अगदी शेवटी म्हणून राखून ठेवतात ती कार्बापेनेम जातीची औषधेही त्याच्यापुढे चालेनात. त्यातल्या जनुकाला एनडीएम-१, म्हणजे नवी दिल्लीच्या नावाने, नाव पडले. २०१० मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि नावाबद्दल आपल्या सरकारनेही नाराजी दर्शविली. नावाचा वाद एक वेळ बाजूला ठेवू. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, आणि रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक मिळाले. म्हणजे जंतू दवाखान्याच्या भिंतीआड राहिलेला नाही. तो गटारात आणि पाण्यात आलेला आहे.

जगाचा आकडाही एकदा वाचून ठेवा. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुने औषध, जुना इशारा

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच त्यांनी बजावले होते की, अपुऱ्या मात्रेत हे औषध घेतले तर जंतू त्याला तोंड द्यायला शिकतील. म्हणजे इशारा औषधाइतकाच जुना आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना जुन्या सभासदांना आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी तेथे उभी केली. परदेशातून येणारे महागडे औषध आपल्या मातीत तयार व्हावे आणि गरिबाला परवडावे, हा त्यामागचा हेतू. त्याच सुमारास आपल्या भागात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, त्यांच्यामागेही असाच हेतू होता. त्या पिढीने औषध स्वस्त केले. ते औषध लागू पडते ठेवणे हे काम पुढच्या पिढीकडे, म्हणजे आपल्याकडे, आले.

आणि नवी औषधे काही पाऊस पडल्यासारखी येत नाहीत. गेल्या चाळीस वर्षांत अगदी नव्या जातीची प्रतिजैविके फारच थोडी निघाली. कारण व्यवहाराचे आहे. नवे प्रतिजैविक निघाले की ते जपून, कमीत कमी वापरा असे सांगावे लागते. मग कंपनीचा खर्च निघायचा कसा? रोज घ्यायच्या गोळीत पैसा आहे, आठ दिवसांच्या गोळीत तो नाही.

दह्यातून निघालेली कात्री

आता त्या कात्रीकडे वळू. तिचा उगम ऐकून आपल्या माय-भगिनींना गंमत वाटेल, कारण तो विरजणात आहे.

जंतूंनाही रोग होतो. जंतूंना खाणारे विषाणू असतात. त्यांना आपण जंतुभक्षक म्हणू. १९१५ आणि १९१७ साली युरोपात त्यांचा शोध लागला. पण त्याही आधी, १८९६ मध्ये, आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे असे लिहून ठेवले होते.

अशा भक्षकांपासून जंतू आपला बचाव कसा करतात? १९८७ साली जपानमधील ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जंतूच्या जनुकात एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला आढळला. अर्थ लागेना. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका हे मिठागरातल्या जंतूंचा अभ्यास करीत होते. त्यांनाही तसेच आढळले. ही जंतूंची शत्रू ओळखण्याची नोंदवही असावी, असे त्यांनी २००५ मध्ये मांडले. २००७ मध्ये डॅनिस्को या डॅनिश कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. ही कंपनी विरजणाचे जंतू विकायची, आणि तेव्हा बीटापासून साखरही काढायची. म्हणजे साखर कारखानदारीचा आणि या शोधाचा संबंध अगदीच लांबचा नाही! दह्याच्या जंतूंवर भक्षक सोडले तेव्हा जे जंतू वाचले, त्यांनी त्या भक्षकाच्या जनुकाचा तुकडा आपल्या नोंदवहीत उतरवून घेतला होता.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनकडे वही असते. एकदा गैरप्रकार केलेल्या गाडीचा नंबर तीत लिहिला की पुन्हा ती गाडी आली तर गेटवरच अडते. जंतूचेही तसेच. फरक इतकाच की जंतूचा वॉचमन नंबर जुळला की गाडी अडवून थांबत नाही, तिचे दोन तुकडे करतो. तुकडे करणारे हे प्रथिन म्हणजेच आपली कात्री. क्रिस्पर असे या सगळ्या व्यवस्थेचे नाव आहे.

वहीत आपल्याला हवा तो नंबर लिहिता येतो आणि मग कात्री हव्या त्या ठिकाणी चालवता येते, हे इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोन महिला शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे नुसते कागदावर राहिलेले नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर कात्रीने केलेल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार किती घरांत आहे हे सांगायला नको.

कात्री जंतूवर कशी चालते?

जंतूंवर ती दोन तऱ्हांनी चालवता येते. पहिली तऱ्हा, जंतूच्या मुख्य जनुकसाखळीवरच घाव घालायचा, जंतू मरतो. दुसरी, वर सांगितलेले ते कडे, प्लाझ्मिड, तेवढेच कापायचे. मग जंतू जगला तरी त्याची शिरजोरी जाते आणि जुने स्वस्त औषध त्याच्यावर पुन्हा लागू पडू शकते.

२०१४ साली अमेरिकेतल्या दोन संस्थांनी एकाच सुमारास हे करून दाखविले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्वचेवर राहणाऱ्या, फोड-जखमा चिघळवणाऱ्या जंतूवर उंदरांच्या कातडीवर प्रयोग झाला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत आतड्यातल्या जंतूंमधल्या एनडीएम-१ जनुकावरच कात्री चालविली. शिवाय मधमाश्यांच्या पोळ्याला लागणाऱ्या मेणअळीला जंतुसंसर्ग करून तिच्यावर चाचणी घेतली. कात्री जंतूच्या पोटात नेण्यासाठी वाहन म्हणून भक्षकाचेच कवच वापरले होते. काट्याने काटा काढला म्हणायचा.

यात मोठा फायदा नेमकेपणाचा आहे. नेहमीचे प्रतिजैविक हे तणनाशक चुकीच्या पिकावर मारल्यासारखे काम करते. वाईट जंतूबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात. कात्री म्हणजे खुरपणी. पिकाला धक्का न लावता नेमके तण काढायचे.

माणसांवरील चाचण्याही सुरू झालेल्या आहेत. डेन्मार्कच्या एका कंपनीने कात्री बसवलेल्या चार भक्षकांचे मिश्रण तयार केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या आतड्यातले जंतू रक्तात उतरू नयेत म्हणून ते आहे. प्राण्यांवरील निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि निरोगी स्वयंसेवकांवर पहिली चाचणी झाली. अमेरिकेतील दुसऱ्या एका कंपनीने स्त्रियांच्या लघवीमार्गाच्या संसर्गावर असेच मिश्रण आजमावले. दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. यातली एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्या चाचणीत नव्या मिश्रणाच्या जोडीला जुने प्रतिजैविकही दिलेले होते. म्हणजे नवे औषध आले तरी जुन्याची सोबत लागणार. जुने आपण नासवून टाकले असेल तर नव्याची जोडी कोणाशी लावायची?

शंका आणि त्यांची उत्तरे

“हे जनुकांशी खेळणं आहे, निसर्गाविरुद्ध आहे,” अशी पहिली शंका येईल. आमच्या मते येथे घाबरण्याचे कारण नाही. ही कात्री निसर्गानेच घडविलेली आहे, आणि या उपचारात ती रोग्याच्या जनुकांवर चालत नाही, जंतूच्या जनुकांवर चालते. मात्र जपावे लागेल हेही खरे. भक्षक एका जंतूची जनुके दुसऱ्यात नेऊन टाकू शकतात, म्हणून कोणते भक्षक वापरायचे ते नीट पारखून घ्यावे लागते. अशा वस्तू शेतात, पाण्यात किंवा गोठ्यात सोडण्याआधी सरकारी तपासणी कडकच हवी. डोळे झाकून होकार नको आणि डोळे झाकून नकारही नको.

दुसरी शंका कामाच्या पद्धतीची. एक भक्षक एका ठरावीक जंतूलाच धरतो. त्याच जातीचा दुसरा वाण आला तरी तो हात लावत नाही. तेव्हा नेमका जंतू कोणता हे आधी प्रयोगशाळेत ठरवावे लागणार. शिवाय लाखातला प्रत्येक जंतू गाठला पाहिजे. सुटला तो वाढणार. म्हणून ही कात्री उद्या मेडिकलमध्ये पट्टीसारखी मिळेल असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका.

तिसरी शंका सगळ्यांत मोठी. या कात्रीलाही जंतू शिरजोर होणार नाहीत का? होतील. ज्या ठिकाणी कात्री चालते तिथला मजकूर जंतूने थोडा बदलला की नंबर जुळत नाही. शिवाय कात्रीला बोथट करणारी प्रथिने निसर्गात आहेत, हे २०१३ मध्येच उघड झाले आहे. बोंडअळीचा धडा येथेही लागू आहे. बेहिशेबी वापराची सवय गेली नाही तर कोणतेही हत्यार फार दिवस पुरणार नाही.

चौथी शंका पैशाची आणि मालकीची. कात्रीवर पेटंटे आहेत, आणि खासगी कंपन्या खर्च वसूल करणारच. परंतु आपल्या देशातही हे ज्ञान आहे. २०२० च्या कोरोना काळात दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने याच कात्रीचा उपयोग करून कागदी पट्टीवरची चाचणी तयार केली आणि तिला ‘फेलुदा’ असे नाव दिले. म्हणजे कात्रीने जंतू ओळखताही येतो. आमचे स्पष्ट मत आहे की, जंतू ओळखणाऱ्या स्वस्त पट्ट्या आणि पुढे कात्रीची औषधे यांवर सरकारी पैशाने, सरकारी प्रयोगशाळांत काम झाले पाहिजे. पिंपरीला जे १९५४ साली शक्य झाले, ते आज का होऊ नये?

पाटाचे पाणी आणि औषधाचा गुण

सहकारात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. हेडच्या शेतकऱ्याने दारे रात्रभर उघडे टाकले तर त्याचे काही बिघडत नाही. पाणी त्याच्या उसात तुंबते इतकेच. कोरडा राहतो तो टेलचा. औषधाचा गुण हाही पाटाच्या पाण्यासारखा सामाईक आहे. ट्यूब मी माझ्या पैशाने आणली, गाय माझी, गोठा माझा, हे सगळे खरे. पण ते औषध बोथट झाले तर ते सगळ्या गावासाठी बोथट होते. येथे टेलला कोण आहे? बाळंतीण आहे, ऑपरेशन झालेला म्हातारा आहे, वजन कमी भरलेले नवजात बाळ आहे. त्यांना पाण्याच्या पाळीसाठी भांडता येत नाही.

कात्रीची वाट पाहत बसू म्हणणाऱ्यांना म्हणूनच आमचे सांगणे आहे, की टेलला धरण बांधायचे ठरले म्हणून आजची पाळी कोणी वाया घालवीत नाही.

आपल्या हातात काय आहे?

ऊस तोडायच्या आधी आपण ब्रिक्स पाहतो. खत टाकायच्या आधी माती तपासायला देतो. मग गाईला इंजेक्शन देण्याआधी दूध तपासायला काय हरकत आहे? सभासदांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात अशी आमची विनंती आहे.

एक. कासदाह होऊच नये याची काळजी औषधापेक्षा स्वस्त पडते. धार काढण्याआधी हात आणि कास स्वच्छ करावी, धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून लगेच वाढे किंवा चारा टाकावा, म्हणजे गाय खाली बसत नाही. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी.

दोन. डॉक्टरला विचारल्याशिवाय सडात ट्यूब सोडू नये, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातले उरलेले इंजेक्शन आणू नये. कोणते औषध चालेल हे दुधाच्या तपासणीवरून ठरवता येते. तशी मागणी डॉक्टरांकडे करावी.

तीन. औषध दिलेल्या गाईचे दूध सांगितलेले दिवस डेअरीला घालू नये आणि वासरालाही पाजू नये. दुधात औषधाचा अंश राहिला तर त्या दुधाला विरजण लागत नाही, कारण दह्याचे जंतू त्यात मरतात. ज्या जंतूंनी जगाला कात्री दिली, त्यांनाच आपण मारतो! गोठ्यात एक वही ठेवावी: तारीख, गाय, औषध, दूध कधी सुरू करायचे.

चार. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या खाद्यात वाढीसाठी म्हणून प्रतिजैविक मिसळलेले असेल तर ते घेऊ नये. कोलिस्टिन हे माणसाचे राखीव औषध चीनमध्ये डुकरांना वारेमाप दिले गेले, आणि त्याला तोंड देणारे, कड्यावरून पसरणारे जनुक तेथे सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. आपल्या देशात खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. बागायतदारांनीही डाळिंबाच्या तेल्यावर मारल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोसायक्लिनचा विचार करावा. त्यातले स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयावरचे औषध होय.

पाच. घरात, गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१६ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याने लोकांना हेच सांगितले आहे. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक लागत नाही. डॉक्टरने जितक्या गोळ्या, जितके दिवस सांगितले तितक्याच घ्याव्यात. कमी नाही, जास्त नाही, आणि उरलेल्या दुसऱ्याला नाही.

कारखान्याकडून अपेक्षा

हे सगळे एकट्या सभासदावर ढकलून संस्थेने मोकळे होणे बरे नव्हे. संचालक मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, मातीपरीक्षणाच्या धर्तीवर दुधाच्या जंतूपरीक्षणाची सोय दूध संघ आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना यांच्या सहकार्याने गटवार करावी. शेतकी खात्याची माणसे बांधावर जातातच. नमुने पोहोचविणे फार अवघड नाही.

दुसरी, तोडणी मजुरांच्या तळावर हंगामात डॉक्टरची ठरावीक फेरी आणि स्वच्छ पाणी असावे. कोपीत राहणाऱ्या माणसाला खाडा परवडत नाही. म्हणून तो सुट्या दोन गोळ्या घेऊन फडात जातो. हा त्याचा दोष नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे. आणि त्याच्या कोपीतला जंतू आपल्या गावातच फिरतो.

तिसरी सूचना आसवनीबद्दल. शिळ्या उसात ल्युकोनॉस्टॉक नावाचा जंतू साखरेचे डेक्स्ट्रान करून उतारा घटवतो, आणि मळी आंबवतानाही नको ते जंतू शिरतात, हे आपल्या तांत्रिक मंडळींना पाठ आहे. काही देशांतल्या इथेनॉल कारखान्यांत अशा जंतूंवर पेनिसिलिन आणि व्हर्जिनियामायसिन यांसारखी प्रतिजैविके वापरली जातात. आपल्या आसवनीत जंतूंवर काय वापरले जाते, याची एक ओळ वार्षिक अहवालात यावी. वाफ, गरम पाणी, टाक्यांची सफाई आणि ताजा ऊस यांवरच काम भागत असेल तर ते अभिमानाने सांगावे. काही वापरावे लागत असेल तर सभासदांना ते कळण्याचा हक्क आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, शास्त्रज्ञ कात्रीला धार लावीत आहेत, त्यांना यश येवो. पण ती कात्री आपल्या गोठ्यापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत येईतो जी वर्षे जाणार आहेत, त्या वर्षांत आजारी पडणारी माणसे आपलीच आहेत. त्यांच्यासाठी आजच्या औषधाला गुण शिल्लक ठेवणे हे आपल्या हातात आहे, आणि त्याला पेटंट लागत नाही की परवाना लागत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वरील तीन सूचनांवर सभासदांनी बोलावे. अनुकूल असो वा प्रतिकूल, आपले मत लेखी कळवावे. पुढील अंकात आम्ही ते छापू.

— संपादक मंडळ